पॅनिकल हायड्रेंजिया: यंदाच्या फुटीवर फुलणारं झुडूप

मे महिन्यात अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या मोठ्या दुकानांच्या बागविभागात हायड्रेंजियाच्या कुंड्यांची रांग लागते. निळे, जांभळे, गुलाबी गोंडे, जाड चकचकीत पानं. नवं घर घेतलेली आपली माणसं हौसेने एक-दोन कुंड्या घरी आणतात, उन्हाळाभर फुलं बघतात आणि थंडीच्या आधी झाड जमिनीत लावून टाकतात. पुढच्या वर्षी पानं भरभरून येतात, फूल एकही नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मग ‘आमच्या मातीत हायड्रेंजिया येत नाही’ असं ठरवून लोक तो विषय सोडून देतात. आणि त्याच गल्लीत चार घरं पलीकडे, कुणी फारसं लक्षही देत नाही असं एक उंच झुडूप जुलैच्या अखेरीपासून पांढऱ्या तुऱ्यांनी वाकलेलं असतं. तेही हायड्रेंजियाच आहे.

हे दुसरं झुडूप म्हणजे पॅनिकल हायड्रेंजिया, शास्त्रीय नाव हायड्रेंजिया पॅनिक्युलाटा. मिनेसोटा, मिशिगन, ओंटारिओ अशा कडक थंडीच्या भागात घर असेल आणि बागेत एकच फुलझाड लावायचं असेल, तर मी डोळे झाकून हेच सांगेन. त्याच्या देखभालीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. या झाडाची कळी कधी आणि कुठे धरते एवढं एकदा नीट समजलं, की छाटणी, थंडी, खत, ससे, सगळ्यांची उत्तरं तिथूनच मिळतात.

कळी कुठे धरते

आधी दुकानातला निळा गोंडा घेऊ. त्याला बिगलीफ म्हणतात. या झाडाची पुढच्या वर्षीची फुलं आदल्या उन्हाळ्याच्या शेवटीच काडीच्या टोकाशी डोळ्यात, म्हणजे न उघडलेल्या कोंबात, तयार होऊन बसतात. तो डोळा अख्खा हिवाळा उघड्या काडीवर काढतो. पारा उणे २० सेल्सियसच्या खाली गेला की डोळे बहुधा मरतात. हिवाळा सौम्य गेला तरी एप्रिलमध्ये दोन ऊबदार आठवडे येतात, डोळे फुगतात आणि पाठोपाठ आलेलं दहिवर त्यांना जाळतं. मुळं जिवंत असल्यामुळे बुडातून नवी फूट येते, पानं येतात, पण फुलं ज्या काडीत होती ती काडीच गेलेली असते. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदाराला हे सांगायला नको: एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वाढलेल्या काडीत घड आतल्या आत तयार होतो, ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तो फक्त बाहेर दिसतो. मधल्या काळात ती काडी गेली की घड गेला.

पॅनिकलचा हिशेब वेगळा आहे. हिवाळ्यात त्याच्या काडीवर जे डोळे असतात त्यांत फूल नसतं, फक्त कोवळी फांदी असते. वसंतात ती फूट बाहेर पडते, मे-जूनमध्ये भराभर वाढते आणि पुरेशी वाढली की तिचं टोक फुलोऱ्यात बदलतं. जूनच्या उत्तरार्धात एखाद्या फांदीच्या शेंड्याची शेवटची लहान पानं बोटाने बाजूला सारून पाहा. आत मोहरीएवढ्या हिरव्या दाण्यांचा घट्ट झुबका दिसेल. आठवडाभरात तो मोकळा होतो, त्याचे छोटे छोटे फाटे सुटतात आणि टोकदार तुऱ्याचा आकार कळायला लागतो. थंडी असताना हे काहीच अस्तित्वात नव्हतं, त्यामुळे थंडीला मारण्यासारखं काही नव्हतंच.

म्हणून हे झाड अमेरिकी कृषी खात्याच्या नकाशातल्या झोन ३ मध्येही फुलतं, जिथे हिवाळ्यात पारा उणे ४० पर्यंत जाऊ शकतो. काड्यांची टोकं वाळली, सशांनी खाल्ली किंवा तुम्ही मार्चमध्ये निम्मं झाड कापलं, तरी यंदा फूट आली म्हणजे यंदा फूल येणार. ते उशिरा का फुलतं तेही यातूनच कळतं. आधी फांदी वाढवायची, मग फूल, त्यामुळे जुलै उजाडतो. पण त्याच वेळी बागेतली बाकीची झुडपं फुलून संपलेली असतात, तेव्हा ही उणीव मानायचं कारण नाही.

झोनचा आकडा वाढतो तसा हिवाळा सौम्य होत जातो. दुसऱ्या टोकाला झोन ८ च्या पलीकडे मात्र ते रमत नाही, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

तुमच्याकडचं नेमकं कोणतं

घर विकत घेताना झाडं आयती मिळतात आणि कुणीच त्यांचं नाव सांगत नाही. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, हातात घेण्याआधी ओळख पटवून घ्या.

पॅनिकलचा फुलोरा निमुळता, शंकूसारखा असतो. गोल गोंडा असेल तर शंका घ्या. फुलं नसतील तर पानांकडे पाहा: पॅनिकलची पानं मध्यम आकाराची, हाताला थोडी खरखरीत, चकाकी नसलेली. मुख्य खूण म्हणजे जोमदार फांदीवर बरेचदा एकाच पेरावर तीन पानं येतात, बिगलीफला ती समोरासमोर दोनच असतात. पॅनिकलच्या जुन्या फांद्या लाकडासारख्या टणक होतात, राखाडी साल पापुद्र्यांनी सुटते.

पांढरे गोल गोंडे आणि पातळ, हृदयाच्या आकाराची पानं असतील तर ती बहुधा ‘ॲनाबेल’. ती मूळची उत्तर अमेरिकेतल्याच रानातली, इलिनॉयमधल्या ॲना या गावाजवळ सापडलेली. तीही यंदाच्या फुटीवरच फुलते, म्हणून तिची छाटणीही वसंतात चालते. ओकच्या पानासारखी खाचांची पानं असतील तर तो ओकलीफ, तो बिगलीफसारखा जुन्या काडीवर फुलतो. त्याचा फुलोराही निमुळता असतो, तेव्हा तिथे पानच पाहायचं. आणि २००४ साली बाजारात आलेली ‘एंडलेस समर’ ही बिगलीफची अशी जात आहे की जुन्या आणि नव्या दोन्ही काड्यांवर फुलते, पण खूप थंड भागात तिची फुलं मोजकीच मिळतात.

मूळ गाव आणि आजच्या जाती

पॅनिकल मूळचं जपान, सखालिन, चीन आणि तैवानचं. रानात ते २० फुटांपर्यंत वाढतं. युरोपला त्याची शास्त्रीय ओळख १८२९ साली झाली. नागासाकीजवळच्या देजिमा बेटावरच्या डच वखारीत डॉक्टर म्हणून राहिलेल्या फिलिप फ्रान्झ फॉन झीबोल्ड या जर्मन माणसाने ती करून दिली. जपानी लोकांना त्याचा वेगळाच उपयोग ठाऊक होता. आतल्या सालीतून निघणारा चिकट द्रव हाताने कागद करताना पाण्यात मिसळतात, त्यामुळे धागे तळाशी न बसता पाण्यात सारखे पसरलेले राहतात. जुनी चित्रं मढवायला लागणाऱ्या काही कागदांसाठी तो आजही वापरतात.

१८६० च्या दशकात ‘ग्रँडिफ्लोरा’ ही मोठ्या तुऱ्याची जात जपानातून पश्चिमेला पोचली. अमेरिकेत तिला ‘पीजी’ म्हणतात, पॅनिक्युलाटा ग्रँडिफ्लोराची ही आद्याक्षरं. जुन्या शेतघरांच्या अंगणात आणि दफनभूमीत दिसणारी प्रचंड, वाकलेली झाडं बहुतेक तीच. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेल्जियममधल्या कालमटाउट इथल्या वृक्षोद्यानात रॉबर्ट आणि येलेना दे बेल्डर या दांपत्याने बियांपासून निवड करत नव्या जाती काढल्या. ‘युनिक’ आणि ‘पिंक डायमंड’ तिथल्याच. आणि ज्या एका जातीने उपनगरं भरून टाकली ती ‘लाइमलाइट’ नेदरलँड्समधल्या बॉस्कोपच्या पीटर झ्वाइननबुर्ख या रोपवाटिकावाल्याची.

जात निवडताना फुलापेक्षा उंची आधी पाहा. लाइमलाइट सहा ते आठ फूट उंच आणि तेवढंच रुंद होतं. रोपवाटिकेत दोन फुटांचं गोजिरवाणं रोप पाहून लोक ते खिडकीखाली, भिंतीपासून हातभर अंतरावर लावतात आणि पाचव्या वर्षापासून दर उन्हाळ्यात त्याच्याशी भांडत बसतात. खिडकीखाली ‘बोबो’ लावा, ते तीन फुटांच्या आसपास राहतं. ‘लिटल लाइम’ तीन ते पाच फूट. लाइमलाइटला भिंतीपासून निदान चार फूट सोडा. लवकर फुलं हवी असतील तर ‘क्विक फायर’, ते थंड भागातही जुलैच्या सुरुवातीला रंगात येतं. ‘टार्डिव्हा’ सगळ्यांत शेवटी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. जागा असेल तर एक लवकरचं आणि एक उशिराचं लावा, म्हणजे जुलै ते ऑक्टोबर अंगण रिकामं राहत नाही.

मधमाश्या याव्यात अशी इच्छा असेल तर आणखी एक गोष्ट पाहायची. तुऱ्यातल्या चार पाकळ्यांच्या ज्या ‘फुलांना’ आपण भुलतो त्या पाकळ्या नाहीतच, ती रंगीत निदलं, म्हणजे एरवी कळीला बाहेरून झाकणारी दलं, आहेत आणि ती फुलं बहुतांशी वांझ असतात. खरी, पराग आणि मध असलेली फुलं त्यांच्यामध्ये लपलेली असतात, ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान. लाइमलाइटच्या गच्च तुऱ्यात वांझ फुलंच जास्त. टार्डिव्हा, क्विक फायर, ‘पिंकी विंकी’ यांचे तुरे विरळ, जाळीदार असतात आणि त्यांत खरी फुलं भरपूर. ऑगस्टच्या दुपारी टार्डिव्हासमोर उभं राहिलं की मधमाश्या आणि भुंग्यांचा आवाज दोन पावलांवरून ऐकू येतो. मला स्वतःला हेच तुरे जास्त आवडतात, पावसात ते वाकतही नाहीत.

लावणी

लावणीला वसंत किंवा सप्टेंबर उत्तम. जमीन गोठण्याआधी मुळांना निदान सहा आठवडे मिळाले पाहिजेत.

बिगलीफला सावली लागते हे ऐकून लोक पॅनिकलही उत्तरेच्या भिंतीला लावतात. पॅनिकलला ऊन हवं, दिवसाचे सहा तास तरी. सावलीत ते जगतं, पण फांद्या लांबुडक्या होतात, तुरे कमी आणि लहान येतात. न्यू जर्सी, व्हर्जिनिया आणि त्याखाली दुपारी दोन-तीननंतरची सावली मिळाली तर फुलं करपत नाहीत. शिकागो-टोरंटोकडे दिवसभराचं ऊनही चालतं.

खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद करा, पण खोली गोळ्याएवढीच. रोप जमिनीत खोल गेलं तर खोडाभोवती ओल साचून ते कुजतं. कुंडीत फार दिवस राहिलेल्या रोपाची मुळं गोल गोल फिरलेली असतात. ती बोटांनी मोकळी करा, फारच घट्ट असतील तर चाकूने बाजूंना तीन-चार उभे छेद द्या. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेकडच्या नव्या वसाहतींमध्ये माती बहुधा चिकण असते. अशा ठिकाणी खड्ड्यात नुसतं कंपोस्ट भरायचा मोह होतो. तसं केलं की भोवतालच्या चिकणमातीतलं पाणी त्या मऊ खड्ड्यात येऊन साचतं आणि मुळं गुदमरतात. निघालेली मातीच परत भरा, कंपोस्ट वरून पसरा. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशीही तळं राहत असेल तर ती जागाच सोडा किंवा वाफा उंच करा. मेपलच्या बुंध्याजवळ लावू नका, त्याची उथळ मुळं पाण्याचा थेंब शिल्लक ठेवत नाहीत.

पहिली दोन वर्षं पाण्याकडे लक्ष हवं. पाऊस धरून आठवड्याला एक इंच पाणी हा ढोबळ हिशेब. रोज थोडं शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा-दोनदा बुडाशी संथ धार सोडावी, म्हणजे मुळं खोल जातात. भर दुपारी पानांनी माना टाकल्या म्हणून लगेच पाणी घालू नका. मातीत दोन इंच बोट घाला. आत ओल असेल तर संध्याकाळी पानं आपोआप सावरतात. बुडाभोवती दोन-तीन इंच जाडीचं लाकडाच्या सालीचं किंवा पानांचं आच्छादन घाला, फक्त ते खोडाला टेकू देऊ नका. खताचं म्हणाल तर वसंतात कंपोस्टचा एक थर बस्स. हिरवळीला घालतात ते नत्रयुक्त खत झुडपापर्यंत पोचलं की पानं दणकट, फांद्या मऊ आणि तुरे मोजके अशी गत होते. जुलैनंतर काहीच घालायचं नाही, उशिरा आलेली कोवळी फूट थंडीत सापडते.

छाटणी: कधी, किती, कुठे

सगळ्यांत जास्त धास्ती याचीच असते, आणि सगळ्यांत जास्त सूट या झाडात इथेच आहे.

वेळ म्हणाल तर हिवाळा सरता सरता, डोळे फुगायच्या आधी. शिकागोच्या आसपास मार्चचा उत्तरार्ध, मिनिआपोलिसकडे एप्रिल. हे झाड पानं उशिरा काढतं, तेव्हा एप्रिलमध्ये नुसत्या काड्या पाहून मेलं म्हणून उपटू नका. नखाने साल किंचित खरवडा, खाली हिरवं दिसलं तर ते जिवंत आहे. मे संपत आला की मात्र कात्री बाजूला ठेवायची. त्यानंतर शेंडा छाटला म्हणजे यंदाचा तुराच छाटला, कारण तो त्याच शेंड्यात तयार होत असतो.

कापण्याआधी एक काडी हातात धरून नीट बघा. वर गेल्या वर्षीचा वाळका तुरा. त्याखाली गुळगुळीत, तपकिरी, पेन्सिलीएवढी काडी, ही गेल्या उन्हाळ्याची वाढ. तिच्या बुडाशी एक वर्तुळाकार वळी दिसते आणि त्याखाली जुनं, राखाडी, सालपटं निघालेलं लाकूड सुरू होतं. तपकिरी भागावर ठरावीक अंतराने डोळ्यांच्या जोड्या असतात, कधी तीन-तीन. काप यातल्या कुठल्यातरी जोडीच्या वर, अर्ध्या बोटावर घ्यायचा. खालच्या जोडीतून दोन फांद्या येतील आणि दोघींच्या टोकाला तुरा धरेल.

आता किती. मुळांकडे वसंतात साठवलेला जोम ठरावीक असतो आणि तो जितक्या फुटींत वाटला जाईल त्यावर तुऱ्याचा आकार ठरतो. गेल्या वर्षीची वाढ खालच्या एका जोडीपर्यंत कापलीत तर फुटी थोड्या, जोमदार, तुरे भले मोठे. चार-पाच जोड्या ठेवल्यात तर फुटी पुष्कळ, तुरे लहान पण संख्येने भरपूर. इंग्लंडमध्ये दरवर्षी खालच्या जोडीपर्यंत, गुडघ्याएवढ्या सांगाड्यावर छाटायची पद्धत रूढ आहे. मला ती मध्य-पश्चिमेसाठी पटत नाही. तशा छाटणीने पाच फूट लांब लवचिक फांदीच्या टोकाला पाण्याने भरलेला जड तुरा लटकतो आणि जुलै-ऑगस्टच्या एका वादळी सरीत सगळं झुडूप चहूकडे पसरून जमिनीवर झोपतं. झाडाच्या उंचीच्या एक तृतीयांश कापा. खालचं जुनं लाकूड दरवर्षी जाड होतं आणि तेच तुऱ्यांचा भार पेलतं. याखेरीज मेलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या आणि आत वाढलेल्या बारीक काड्या बुडातून काढून टाका, हवा खेळायला लागते.

एखाद्या वर्षी छाटणी राहून गेली तरी बिघडत काही नाही. तुरे थोडे लहान येतात आणि झाड थोडं उंच होतं, इतकंच.

शरदात पानं गळल्यावर अंगण आवरायच्या भरात लोक हेही छाटून टाकतात. झाड त्याने मरत नाही, पण ताजे काप हिवाळ्यात सुकत जातात आणि डोळ्यांची एक-दोन पेरं वाया जातात. शिवाय बर्फात ते वाळके तुरे फार सुंदर दिसतात. फक्त तुमच्याकडे ओला, जड बर्फ पडत असेल आणि झाड तरुण असेल तर नोव्हेंबरमध्ये नुसते तुरे खुडून घ्या. तुऱ्यात बर्फ साचून फांद्या फाटतात.

झाड दरवर्षी वाकतच असेल तर चार गोष्टी तपासा: ऊन कमी आहे का, हिरवळीचं खत पोचतंय का, छाटणी फार खोल होतेय का, आणि झाड अजून दोन-तीन वर्षांचंच आहे का. शेवटचं कारण असेल तर थांबणं एवढाच उपाय. तोवर पाऊस थांबल्यावर फांद्या हलक्या हाताने झटकाव्यात, अर्धं ओझं तिथेच उतरतं.

रंग बदलतो तो कशाने

बिगलीफचा निळा-गुलाबी खेळ मातीवर चालतो. आम्लधर्मी मातीत अ‍ॅल्युमिनियम विरघळतं, मुळांवाटे फुलात जातं आणि तिथल्या रंगद्रव्याशी जुळून निळा रंग होतो. म्हणून लोक तुरटी घालतात आणि आम्ल मातीत तिचा उपयोगही होतो. हा उपाय ऐकून कुणी पॅनिकलला तुरटी, कॉफीचा चोथा, गंजके खिळे घालत असेल तर ते थांबवा. पॅनिकल कुठल्याही मातीत निळं होत नाही.

त्याचा रंग वयाने आणि हवेने बदलतो. लाइमलाइट उमलताना पोपटी असतं, मग मोतिया पांढरं होतं आणि रात्री गार व्हायला लागल्या की निदलांत अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य तयार होऊन गुलाबी छटा चढते. काही जाती, जसं क्विक फायर, गडद वाइनच्या रंगापर्यंत जातात. दिवसा ऊन आणि रात्री गारवा असेल तर रंग सुरेख खुलतो. रात्रीही उकाडाच असेल, किंवा ऑगस्टमध्ये झाड तहानलेलं राहिलं, तर तुरे गुलाबी न होता थेट तपकिरी पडतात. तेव्हा गुलाबी रंग हवा असेल तर ऑगस्टमध्ये पाणी तोडू नका. एवढंच आपल्या हातात आहे.

ससे, हरणं आणि बाकीचे पाहुणे

रोग या झाडाला थोडके लागतात. दमट उन्हाळ्यात पानांवर जांभळट ठिपके किंवा भुरीची पांढरी पूड येते. दिसायला वाईट, पण झाडाचं फारसं अडत नाही. गळलेली पानं उचला आणि पाणी पानांवर न मारता बुडाशी द्या. मावा दिसला तर पाण्याची जोरदार धार पुरते.

हरणं मात्र कोवळे शेंडे आवडीने खातात, आणि जूनमध्ये त्यांनी शेंडा खाल्ला म्हणजे कळी खाल्ली. हरणांचा वावर असेल तर मे ते जुलै जाळी किंवा वासाची फवारणी लागतेच. ससे हिवाळ्यात काड्या तिरप्या, चाकूने कापाव्यात तशा तोडतात. लहान झाडाभोवती नोव्हेंबरमध्ये बारीक जाळीचा गोल उभा करा, अपेक्षित बर्फापेक्षा दीड-दोन फूट उंच, कारण ससा बर्फाच्या थरावर उभा राहून वरचं खातो. इतकं करूनही त्यांनी काड्या तोडल्या तर वसंतात उरलेल्या डोळ्यांतून फूट येईल आणि तुरेही येतील.

गणपतीच्या आराशीला

उत्तर अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी या झाडाचा एक मोठा गुण आहे, तो कुठल्याही रोपवाटिकेच्या पाटीवर लिहिलेला सापडणार नाही: गणपती येतात तेव्हा ते ऐन भरात असतं. चतुर्थी ऑगस्टच्या अखेरीस आली तर लाइमलाइटचे पोपटी-पांढरे तुरे मिळतात, सप्टेंबरच्या मध्यात आली तर त्यांवर गुलाबी झाक. मखराच्या दोन्ही बाजूंना किंवा गौरींच्या मागे दोन मोठ्या फुलदाण्यांत दहा-बारा तुरे लावले की कागदी फुलांची गरज पडत नाही.

तुरा कापायची घाई मात्र करू नये. अर्धवट उमललेला कोवळा तुरा तासाभरात मान टाकतो. बोटांना किंचित कागदासारखा लागायला लागला की तो तयार. पहाटे कापा, तिथल्या तिथे बादलीतल्या पाण्यात उभा करा, सगळी पानं काढा आणि दोन-तीन तास सावलीत ठेवून मगच सजावटीला घ्या. विसर्जनानंतर फुलदाणीतलं पाणी बदलू नका, आपोआप आटू द्या. तुरे तसेच उभे वाळतात आणि कित्येक महिने टिकतात.

एक काळजी घ्या. हायड्रेंजियाच्या पानाफुलांत सायनाइड मोकळं करू शकणारी द्रव्यं असतात. हात लावल्याने काही होत नाही, पण ती पोटात जाऊ नयेत. म्हणून आराशीत हे तुरे जरूर वापरा, नैवेद्याच्या ताटाजवळ किंवा पंचामृतात त्यांचा कण पडेल असे ठेवू नका. रांगतं मूल, कुत्रा किंवा मांजर घरात असेल तर फुलदाणी उंचावर.

पुण्यात लावता येईल का

अशी फुलं पाहिली की घरच्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. प्रामाणिक उत्तर: नाही. पॅनिकलला पानं गाळून कित्येक आठवडे थंडीत झोपावं लागतं. पुण्या-नाशिकची थंडी रात्रीपुरती असते आणि दुपारी ऊन तापतं, तेवढ्याने त्याची विश्रांती पुरी होत नाही. मग ते रडतखडत वाढतं आणि एप्रिल-मेच्या उन्हात करपतं. भारतात शिमला, दार्जिलिंग, उटी इथे जे निळे-गुलाबी गोंडे बघून लोक हरखतात ते बिगलीफ. रोपवाटिकांत कुंडीत विकायला येतं तेही बहुतेक तेच, आणि सकाळचं कोवळं ऊन, गार सावली आणि भरपूर ओल दिली तर ते कुंडीत एखादा हंगाम सुखाने काढतं.

एका झाडाची चार झाडं

मैत्रिणीला द्यायला रोप हवं असेल तर विकत आणायची गरज नाही, कापून लावलेल्या फाट्यापासून ते सहज होतं. त्याआधी पाटीवर पेटंटची नोंद आहे का ते पाहा. अमेरिकेत रोपाचं पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं चालतं आणि तोवर त्या जातीची रोपं घरच्यासाठीही करायला मनाई असते. जुन्या ग्रँडिफ्लोराला किंवा टार्डिव्हाला असं बंधन नाही.

जूनमध्ये, टोकाला कळी धरण्याआधी, यंदाची कोवळी पण वाकवली तर कडकन मोडणारी फांदी निवडा. चार ते सहा इंचांचा तुकडा, खालचा काप पेराच्या लगेच खाली. खालची पानं काढा, वरची दोन ठेवा आणि तीही आडवी निम्मी कापा, म्हणजे मुळं नसताना पाणी उडून जात नाही. बुड मुळं फुटायला मदत करणाऱ्या पावडरीत बुडवून परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) आणि कोकोपीटच्या ओल्या मिश्रणात खोचा, वरून पारदर्शक डबा पालथा घाला आणि उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा. तीन-चार आठवड्यांनी हलकेच ओढून पाहा, फाटा हाताला विरोध करायला लागला की मुळं धरली. मग डबा एकदम न काढता आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ उचलून ठेवा.

पहिल्या हिवाळ्यात ही रोपं जमिनीत लावू नका. मुळं अजून उथळ असतात आणि जमीन गोठते-वितळते तेव्हा ती वर उचलली जातात. पानं गळल्यावर कुंड्या न तापवलेल्या गॅरेजमध्ये भिंतीला लावून ठेवा, महिन्यातून एकदा कपभर पाणी घाला आणि मेच्या मध्यात, दहिवराची भीती गेल्यावर, बाहेर काढा. पहिल्या वर्षी एखादा तुरा आलाच तर खुडून टाका, मुळं तेवढी लवकर धरतात.